कैलासवासी भिंगारदिवे

हैदराबाद
९ नोव्हेंबर २०२५

दादा, जय भीम.

पत्र बघून तुम्ही म्हणाल ह्याचा मोबाईल मोडला की काय. मोडला नाही. मी फोन लावला की तुम्ही कट करता. मेसेज टाकला तर वाचता आणि तसाच ठेवता. पत्र कट करता येत नाही, म्हणून लिहितोय. बारावीची परीक्षा दिली त्यानंतर एवढं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नका. पत्त्यावर अहिल्यानगर लिहिलंय. हात अजून जुनंच नाव लिहायला जातो, तिथं खोडलेलं दिसेल.

मी बरा आहे. पुण्याचं गॅरेज सोडलं हे आईला माहीत आहे. मग सुरतेला होतो, तिथंही जमलं नाही. आता वर्ष झालं, हैदराबादच्या बाहेर एका स्टुडिओत लागलोय. फायटिंगच्या मास्तरांच्या हाताखाली. हिरो जिथून उडी मारतो तिथून खरी उडी मी मारतो. हिरो काचेतून बाहेर येतो, काच मला लागते. तुम्ही नेहमी म्हणायचे, ह्याचं बूड एका जागी टेकत नाही. इथं न टेकण्याचाच पगार आहे.

सध्या पोलिसांचा पिक्चर चाललाय. विनोदी आहे, मारामारी पण आहे. मी त्यात हवालदार. म्हणजे हवालदार मोठा नट आहे, तोंड त्याचं. आपटायची वेळ आली की अंग माझं. रोज सकाळी खाकी घालतो. पहिल्या दिवशी आरशात बघितलं आणि लगेच बाजूला झालो. का ते तुम्हाला सांगायला नको.

तरी सांगतो, कारण आपण ह्यावर परत कधी बोललोच नाही. पोलीस भरतीच्या ग्राउंडवर टेप धरून उभे होते ते तुमच्याच बॅचचे. तुम्ही कुंपणाच्या बाहेर. मी अर्धा सेंटिमीटर कमी भरलो. त्यांनी तुमच्याकडं बघितलं, हे मी बघितलं. तुम्ही दुसरीकडं बघितलं. घरी आल्यावर मी म्हणालो, बापानं एक शब्द टाकला असता तर काय झालं असतं? तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "टेपला बाप नसतो." मग मी जे बोललो ते बोललो. त्यालाही आता तीन वर्षं होतील.

इथं उंची कुणी मोजत नाही.

आईला जय भीम. संस्कृतीला म्हणावं कॉलेजला जाताना सँडलपेक्षा बूट घाल, क्वार्टरच्या मागची वाट खराब आहे.

तुषार


हैदराबाद
२३ नोव्हेंबर

दादा,

संस्कृतीचा फोन आला होता. म्हणाली, "दादांनी पत्र दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं." मग म्हणाली, "आई म्हणती, ह्याला म्हणावं कसला पिक्चर ते नीट सांग."

नीट सांगायचं म्हणजे असं. तो हवालदार जिवंत नाही. पिक्चर भुताचा आहे.

तुम्ही आता चष्मा काढून ठेवला असेल. मला माहीत आहे तुमचं. बारवेत भूत आहे म्हणून एक गृहस्थ ठाण्यात तक्रार घेऊन आले होते, तेव्हा तुम्ही पेन उघडून विचारलं होतं, "भुताचं पूर्ण नाव, वय, राहणार?" ते गृहस्थ चहा पिऊन निघून गेले. आपल्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून कुणी भुताची गोष्ट सांगितलेली नाही, आणि तुमचा पोरगा हैदराबादेत भूत झालाय.

गोष्ट अशी आहे की घाटातल्या एका लहान ठाण्यात हवालदार गुंडांच्या हातून मरतो. पण आपण मेलो हे त्याला कळत नाही. तो दुसऱ्या दिवशी ड्युटीवर येतो. चौकात उभा राहून हात करतो, गाड्या त्याच्या अंगातून जातात. तुम्ही म्हणाल, ह्यात भुताचं काय, जिवंत हवालदारालाही गाड्या तशाच जातात. मग एक नवा फौजदार येतो, त्या एकट्याला तो दिसतो, आणि दोघं मिळून गुंडांना बडवतात. लोक हसतील. मलाही आधी हसू यायचं.

माझं काम वर टांगून घ्यायचं. कमरेला आणि जांघेत पट्टे असतात, त्याला तार, तार कप्पीवरून जाते आणि दुसरं टोक सहा माणसं ओढतात. मास्तरांनी शिट्टी मारली की ते पळतात आणि मी वर जातो. त्या सहांत पुढं असतो रामहरी, आपल्या पाथर्डीचा. त्याचे आईबाप अजून ऊसतोडीला जातात. तो म्हणतो, "मोळ्या उचलायला लागू नये म्हनून हितं आलो, तर हितंबी मोळीच उचलतोय. फकस्त मोळी तुज्यासारखी. रसच न्हाई निघत." दिवसभर तो मला वर घेतो आणि खाली सोडतो. माझा जीव त्याच्या तळहातात आहे आणि त्याच्या तळहाताला तंबाखू लागलेली असते.

जांघेत काळं-निळं झालंय. खोबरेल लावतो. खोलीवर आलं की बसवत नाही, झोपवत नाही. मुंगळ्यासारखा भिंतीला टेकून राहतो.

एक सीन सांगतो आणि थांबतो. सकाळी ठाण्यात हजेरी चाललेली असते. सगळ्यांची नावं घेतात. मेलेल्याचं नाव कुणी घेत नाही, तरी तो रांगेत उभा असतो आणि शेवटी आपणच म्हणतो, "हजर, साहेब." कुणाला ऐकू जात नाही. तो सीन नटाचा होता, पण त्याला उशीर झाला म्हणून पाठमोरा मी उभा राहिलो. दहा वेळा म्हणालो. आवाज नंतर त्याचा टाकणार आहेत, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो काय आणि हळू म्हणालो काय.

तुषार


हैदराबाद
७ डिसेंबर

दादा, जय भीम.

काल चैत्यभूमीला जाता आलं नाही. सुट्टी मिळाली नाही. खोलीत मेणबत्ती लावली. रामहरी पण शेजारी उभा राहिला, हात जोडून. म्हणाला, "मला तुमची वंदना म्हनता येत न्हाई, मी नुसता उभा ऱ्हातो." बरं वाटलं.

आता जे लिहितोय ते मागच्या दोन्ही पत्रांत लिहायचं होतं, जमलं नाही.

पिक्चर सुरू झाला तेव्हा डायरेक्टरला हवालदारासाठी अस्सल महाराष्ट्रातलं नाव पाहिजे होतं. मला विचारलं, तुझं नाव काय. मी म्हणालो, तुषार भिंगारदिवे. भिंगारदिवे ऐकून त्याला फार आवडलं. चार वेळा म्हणून बघितलं, चारही वेळा वेगळं म्हणाला. मग म्हणाला, तुषार पोरासारखं वाटतं, वयस्कर माणसाचं सांग. मी तुमचं सांगितलं.

मला वाटलं पडद्यावर येईल. खाकीवर येईल. हवालदार मरतो हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला गोष्ट सांगत नाहीत, कुठून पडायचं तेवढं सांगतात. पंधरवड्यानं सेटवर गेलो तर ठाण्याच्या भिंतीवर नटाचा फोटो, त्याला हार, आणि खाली मराठीत मोठ्या अक्षरात: कै. हवालदार भाऊसाहेब भिंगारदिवे. मी तिथंच उभा राहिलो. मास्तर ओरडले म्हणून हललो.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. वाटलं तेलुगू पिक्चर आहे, घाटावर कोण बघतंय.

आता पुढचं ऐका. शेवटच्या मारामारीचं शूटिंग धरणाच्या काठाला आहे. आपल्या भंडारदऱ्याला. बंदोबस्त तुमच्या ठाण्याचा लागणार, संस्कृतीनं सांगितलं तुमचं नाव लागलंय. आणि काल चहाला रामहरी हसत हसत बोलून गेला की ह्याचा बाप खरा हवालदार आहे आणि नाव तेच आहे. मॅनेजरचा चहा कपातच राहिला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "असली आदमी जिंदा है? पुलिस में है? और तू उसको मार के दीवार पे टांग दिया?" एवढ्या महिन्यांचं शूटिंग त्या नावावर झालंय. छातीवर पट्टी तीच, भिंतीवर फोटो तोच. नाव बदलायचं तर सगळं परत करायचं. म्हणाला, "तेरा बाप सामने हाँ बोला तो ठीक. नहीं तो तू उधरही उतर जा, इधर वापस नको आ."

मला पिक्चरची हौस राहिलेली नाही, दादा. पहिल्यांदा होती. आता सकाळी पट्टा बांधतात तेव्हा मांजराला पिशवीत घालतात तसं वाटतं. पण मी कुठंतरी वर्षभर टिकलो. गॅरेज, सुरत, कुठंच एवढं टिकलो नव्हतो. मास्तर म्हणतात पुढच्या पिक्चरला तुला तारेवरून काढून शिकवायला घेतो. हे पण सुटलं तर मी आता कुठं जाऊ, मला खरंच सुचत नाही. क्वार्टरवर येऊन दारात बसलो तर तुम्ही हाकलणार नाही, हे मला माहीत आहे. तेच नको वाटतं.

शब्द टाका म्हणत नाही. एकदा म्हणून झालंय. हो म्हणायचं नसलं तर तेवढे दिवस रजा टाका. मी मॅनेजरला सांगेन, बाप भेटला नाही. तो चिडेल, पण तुम्हाला तो फोटो बघायला लागणार नाही.

तुषार


शेंडी, भंडारदरा
१८ डिसेंबर

दादा,

तुम्ही रजा टाकली नाही.

हे तुमच्या ठाण्यातल्या आरतीताईंच्या हातात देतोय. त्या म्हणाल्या, "तू त्यांचा मुलगा? मग स्वतः जाऊन दे की, हाकेवर हायेत." मी म्हणालो, तुम्हीच द्या.

सकाळी आमची गाडी आली तेव्हा बॅरिकेडला तुम्हीच होता. काच खाली होती. तुम्ही आत बघितलं, ड्रायव्हरकडं, मग माझ्याकडं, गाडीचा नंबर बघतात तसं. मग म्हणालात, "पुढं घ्या." अंगानं उतरलाय तुम्ही. पट्टा एक भोक आत गेलाय.

उद्या मला क्रेनवर चढवणार. ठाण्याच्या भिंतीचा सेट उघड्यावर आहे, फोटो झाकून ठेवा म्हणून मी तिघांना सांगितलं. कुणी ऐकत नाही. मॅनेजर तुम्हाला उद्या गाठणार आहे.

थंडी लई आहे. कानाला काहीतरी बांधा.

तुषार


हैदराबाद
४ जानेवारी २०२६

दादा, जय भीम.

तुम्ही म्हणाल, मी तिथंच होतो, मला काय सांगतोस. पण तुम्ही खालून बघितलं. वरून कसं होतं ते मला माहीत आहे.

मी वर गेलो तेव्हा तुम्ही सेटच्या भिंतीपुढं उभे होता, हात मागं बांधून. फोटो वाचत होता. एवढी चार अक्षरं वाचायला एवढा वेळ लागत नाही. वरून तुमची टोपी दिसत होती आणि टोपीखालचे मानेवरचे केस. सगळे पांढरे झालेत. समोरून बघताना कळत नाही.

मास्तरांनी शिट्टी मारली. मी हवेत दोन गुंडांना लाथा घातल्या, तिसऱ्याला घालणार तेवढ्यात तार कप्पीवरून सरकली आणि फटीत अडकली. वर पण जाईना, खाली पण येईना. रामहरी खालून ओरडला, "हलू नगं, तुज्या आईच्यान् हलू नगं!" डायरेक्टर तेलुगूत ओरडला, मॅनेजर हिंदीत. आणि आपली पब्लिक मोबाईल वर करून उभी.

"ए हवालदार, उतर की खाली!"

"भूत अडकलं रं, पंक्चर झालं!"

शेंगा विकणाऱ्या लंकाबाई टोपली डोक्यावर धरून वर बघत होत्या. म्हणाल्या, "आगं बया, मेल्यावरबी ड्युटी सुटंना ह्याची!" त्यावर सगळे हसले. मी पण हसलो असतो, पण पट्टा जांघेत असा घुसला होता की डोळ्यापुढं पिवळं दिसत होतं.

मग तुमचा आवाज आला. "मोबाईल खाली घ्या. मागं सरका. पोरगं टांगलंय वर, जत्रा हाय का ही?"

पोरगं म्हणालात. ते सगळ्यांनाच म्हणता तुम्ही, मला माहीत आहे.

मग येऊन बरोबर माझ्या खाली उभे राहिलात. शिडीची गाडी यायची होती. मला पळून जाता येत नव्हतं आणि तुम्हाला जागा सोडता येत नव्हती.

"पट्टा कुठं रुततोय?"

"जांघंत."

"डावा पाय उजव्यावर घे. असा. आता आडवा हो जरा. वर बघ, खाली बघू नको."

"खाली तुमी हाय."

"म्हनूनच म्हनतो, बघू नको."

मी वर बघितलं. आभाळ नुसतं पांढरं होतं. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "जेवलास?"

"वर जायच्या आधी जेवत न्हाईत."

"ते बरं हाय." मग, "फोटो बघितला मी."

मी पट्ट्यात बोटं घातली.

"हार रोज नवा घालत्यात का?"

"पलास्टिकचा हाय."

"व्हय? चांगला हाय. पन कैलासवासी कुनी लिवलं?"

"तेंनीच."

"आपल्यातलं कोन गेलंय रं कैलासाला? आज्याच्या पाटीवर काय हाय?"

"कालकथित."

"मग? तुला शाळंत घातलं हुतं ना बारावीपत्तूर?"

दादा, मेल्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही. चुकीच्या ठिकाणी पाठवलं ह्याचा राग आला होता. मी वर लटकून हसायला लागलो आणि तार हलायला लागली. रामहरी खालून शिव्या द्यायला लागला.

तेवढ्यात मॅनेजर आला, घाम पुसत. "हवलदार साब, वो नाम के बारे में... आपका लड़का बोला नहीं हमको..."

"नाम मेरा है," तुम्ही म्हणालात.

"हाँ साब, वही तो..."

"मेरा है. मैं देता हूँ."

मॅनेजरला आधी कळलंच नाही. त्यानं तुमचे हात धरले. तुम्ही हात सोडवून घेतले आणि वर बघितलंत. इतक्या वेळात पहिल्यांदा वर बघितलंत. आणि म्हणालात, "त्या दिवशी ग्राउंडवर तू जो शब्द मागत हुतास, तो खात्याचा हुता. माझ्या खिशातला न्हवता. हे नाव माझं हाय."

मी तोंड फिरवलं. तुम्हाला वाटलं असेल पट्ट्यामुळं.

मग तुम्ही मॅनेजरला दोन गोष्टी सांगितल्या. एक, ते कैलासवासी खोडून कालकथित लिहायचं. त्याला तो लगेच तयार झाला, रंगवाल्याला हाक मारली. दुसरं तुम्ही विचारलंत, "ये हवालदार पिक्चर में कुछ फुकट का खाता है क्या?"

मॅनेजरनं माझ्याकडं बघितलं. मी आभाळाकडं. कारण तो सीन आहे. भूत गाडीवरून वडे उचलून खातं, गाडीवाल्याला नुसते वडे गायब होताना दिसतात. सगळ्यात जास्त हसायचा सीन तोच आहे. डायरेक्टर पळत आला, म्हणाला भूत है साब, भूत पैसा कहाँ से देगा? तुम्ही म्हणालात, "भूत को नहीं मालूम ना वो मरा है? फिर खिसे में पगार होगा." डायरेक्टर तुमच्याकडं बघतच राहिला. तुम्ही म्हणालात, "मेरे नाम का हवालदार फुकट नहीं खाएगा. नहीं जमता तो नाम निकालो."

नाव काढणं परवडणारं नव्हतं. वडा परवडणारा होता.

शिडी आली, मला उतरवलं. पाय बधिर झाले होते, रामहरीनं चोळले. उभा राहायला आलो तोवर तुम्ही रस्त्यावर होता, उसाचा टेम्पो आडवा आला होता तो मागं घ्यायला लावत होता. मी हाक मारली नाही. संध्याकाळी आमच्या गाड्या निघाल्या तेव्हा बॅरिकेडला आरतीताई होत्या. म्हणाल्या, साहेबांनी दुसरीकडं पाठवलं त्यांना.

मागच्या आठवड्यात फोन लावला, तुम्ही कट केला. मग थोड्या वेळानं तुमचा मेसेज आला: ड्युटीवर आहे. तीन वर्षांत तेवढा एकच आहे. रामहरीला दाखवला, तो म्हणाला, "आरं मग नंतर लाव की." नंतर लावायला अजून हात होत नाही. म्हणून परत पत्र.

परवा वड्याचा सीन नव्यानं घेतला. भुताचा नुसता हात दिसतो, नटाचा हात गोरा पडतो म्हणून हात माझाच. गाडीवर नोट ठेवायची, मग वडा उचलायचा. पहिल्या वेळेला पंख्याच्या वाऱ्यानं नोट उडाली. दुसऱ्या वेळेला गाडीवाला झालेला नट हसला. मग दिवे गेले. डायरेक्टर वैतागून म्हणाला, वडा पहले उठा ले, नोट बाद में रख, कौन देखता है. मी म्हणालो, नाही, पैसे आधी. संध्याकाळपर्यंत वडे गार होऊन दगड झाले होते. हात तेलानं माखला, खांदा दुखायला लागला. तरी दर वेळेला आधी नोट ठेवली, तिच्यावर बोट दाबलं, आणि मगच वड्याला हात लावला.

तुषार